रेडिएशन चालू असताना हिमोग्लोबिन घसरलं : रक्त कधी चढवायचं, किती, आणि चढवताना काय बघायचं

रक्तवर्ण (धागालेखक)
तोंड, जीभ, घसा, स्वरयंत्र यांच्या कॅन्सरवर रेडिएशन घेणाऱ्या रुग्णाचा आठवड्याचा सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) येतो, हिमोग्लोबिन ९.६ (१०० मिली रक्तामागे ग्रॅम, पुढचे आकडेही तसेच) दिसतं, आणि "दहाच्या खाली गेलं, एक पिशवी लावून घ्या" हे वाक्य आपसूक निघतं. हा दहाचा आकडा कुठून आला आणि त्याच्यावर किती विसंबावं, यासाठी हा धागा काढतोय.

मूळ कल्पनेत खोट नाही. किरणांनी पेशीच्या डीएनएला केलेली इजा पक्की व्हायला ऑक्सिजन लागतो. ग्रे या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली हे मांडलं. ऑक्सिजनविना असलेली पेशी मारायला अडीच ते तीन पट डोस लागतो. गाठीत रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या असतात आणि वाहिनीपासून एक-दोन दशांश मिलिमीटर पलीकडे ऑक्सिजन पोचतच नाही. त्यातच हिमोग्लोबिन कमी असलेल्या रुग्णांमध्ये गाठ परत येण्याचं प्रमाण जास्त दिसतं, हेही अनेकदा नोंदवलं गेलंय. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की पुढचा विचार सुचतोच: रक्त चढवा, ऑक्सिजन वाढवा, रेडिएशन चांगलं लागू पडेल.

गाडी अडली ती इथे. डेन्मार्कच्या डाहांका या डोक्या-मानेच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या गटाने ५ आणि ७ क्रमांकाच्या चाचण्यांत हे थेट तपासलं. बायकांत १३ पेक्षा आणि पुरुषांत १४.५ पेक्षा कमी हिमोग्लोबिन असलेले ४६५ रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकून त्यांतल्या २३५ जणांच्या वाट्याला रक्त आलं, बाकीच्यांना दिलं नाही. रक्त मिळालेल्यांचं हिमोग्लोबिन वाढलं, पण गाठीवरचा ताबा वाढला नाही. जगण्याचं प्रमाणही सुधारलं नाही, उलट कल थोडा वाईटाकडेच होता. हा निकाल २०११ मध्ये छापून आला.

लाल पेशी बनवायला लावणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाची इंजेक्शनं देऊन हिमोग्लोबिन चढवायचा प्रयत्न त्याहून महागात पडला. २००३ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या ३५१ रुग्णांच्या जर्मन चाचणीत इंजेक्शन मिळालेल्यांचं हिमोग्लोबिन छान वाढलं आणि गाठीवरचा ताबा मात्र खोट्या इंजेक्शनवाल्यांपेक्षा कमी राहिला. डाहांका १० ही तशीच चाचणी मधल्या तपासणीनंतर थांबवावी लागली.

माझ्या मते यातून एकच अर्थ निघतो. या आजारात कमी हिमोग्लोबिन ही बरीचशी खूण आहे: गाठ मोठी आहे, शरीरात दाह आहे, पोटात अन्न जात नाहीये. खुणेवर रंग मारला म्हणून मूळ बदलत नाही. रक्त चढवायचं ते रुग्णाच्या हृदयासाठी, मेंदूसाठी, त्याला उपचार झेपावेत म्हणून. गाठीला ऑक्सिजन पाजायला नव्हे.

चौकस
उत्तम धागा. पण मग आकडा कोणता धरायचा? १० नाही, तर ९? ८? ७?

रक्तवर्ण
@चौकस, स्थिर प्रकृतीच्या, दवाखान्यात दाखल प्रौढ रुग्णासाठी ७ ग्रॅम ही आजची सर्वमान्य रेषा आहे. अमेरिकेतली रक्तपेढ्यांची संघटना एएबीबी हिच्या २०२३ च्या मार्गदर्शनातही तीच आहे. हृदयविकार आधीपासून असेल तर ८. रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध चालू असताना बरेच विभाग ८ च्या आसपास निर्णय घेतात, कारण पुढच्या दोन आठवड्यांत ते आणखी उतरणार हे माहीत असतं. काही ठिकाणी १० अजून चालू आहे. त्यामागे डोक्या-मानेच्या कॅन्सरमधला भक्कम पुरावा नाही.

आकड्याइतकाच उतार बघा. ११.२, १०.९, १०.६ असा संथ उतार सात आठवड्यांत निभावून जातो. १०.४ वरून एका आठवड्यात ८.१ आलं तर पिशवी मागवण्याआधी रक्त कुठून जातंय ते शोधायचं: गाठीतून, पोटातून काळी शी होऊन, की नळीच्या जागेवरून.

लक्षणांत हे धरावं: पडून असताना नाडी १०० च्या वर, चार पावलांत धाप, छातीत दुखणं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी. नुसता थकवा हे फार ढिसाळ कारण आहे. पाचव्या आठवड्यात थकवा कोणाला नसतो? त्याच्यामागे पाणी कमी पडणं, मॅग्नेशियम उतरणं, वेदनाशामकांची गुंगी, तोंड आल्यामुळे उडालेली झोप, यातलं काहीही असू शकतं.

शेकविभाग
थोडा विरोध नोंदवतो. डाहांकाचा निकाल मान्य, पण त्या चाचणीत ज्यांना कमी हिमोग्लोबिनवाले म्हटलं ते १४.५ आणि १३ च्या खालचे. रोजच्या कामात ज्यांना आपण ॲनिमिक म्हणतो ते ७, ८, ९ वाले. बाराच्या माणसाला साडेतेरा करून फायदा नाही, हे सिद्ध झालं. साडेसातच्या माणसाला तसाच मशीनवर, डोकं स्थिर ठेवणाऱ्या मास्कखाली झोपवा, असं त्या चाचणीने सांगितलेलं नाही. दोन्ही गोष्टी एका दमात बोलल्या की ऐकणारा "रक्त देऊच नये" असा अर्थ घेतो.

दुसरं, रक्तासाठी रेडिएशन चुकवू नका. नेहमीचा कोर्स ७० ग्रे (हे किरणांच्या डोसचं एकक), ३५ वेळा, सात आठवडे. शस्त्रक्रियेनंतर ६० ते ६६. साधारण चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या कॅन्सरपेशी वेगाने वाढू लागतात आणि त्यानंतर लांबलेला प्रत्येक दिवस भरून काढायला अंदाजे ०.६ ग्रे खर्ची पडतो. टक्क्यांत बोलायचं तर एका दिवसाच्या लांबणीने गाठीवरचा ताबा एक ते दीड टक्क्याने घटतो. पिशवीची वाट बघत दोन दिवस मशीनवर न नेणं म्हणजे ज्या फायद्याचा पुरावा नाही त्यासाठी पुरावा असलेलं नुकसान पत्करणं. सकाळी शेक (म्हणजे रेडिएशन), दुपारी रक्त. किंवा शनिवारी रक्त. एकाच दिवशी दोन्ही चालतं, फक्त रक्त चालू असताना मशीनवर नेऊ नये. मास्क आवळून, उताणं, खोलीत एकटं, आणि रक्त सुरू: काही बिघडलं तर हात वर करण्यापलीकडे रुग्णाला काही करता येत नाही.

"शेकाच्या आधी दोन तास रक्त दिलं तर गाठीला जास्त ऑक्सिजन मिळेल" असाही एक समज आहे. साठवलेल्या रक्तपेशींतलं, हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडायला लावणारं २,३-डीपीजी पहिल्या दोनेक आठवड्यांतच जवळपास संपतं. अशी पेशी ऑक्सिजन धरून ठेवते, सोडत नाही. शरीरात गेल्यावर ती पूर्वपदावर यायला एक ते तीन दिवस लागतात. तेव्हा वेळ साधायचा खटाटोप व्यर्थ.

तिसरं, विडी-सिगारेट. ओढणाऱ्याचं हिमोग्लोबिन १४ दिसतं, पण त्यातला काही हिस्सा कार्बन मोनॉक्साइडने अडवलेला असतो, जास्त ओढणाऱ्यात तो दहा टक्क्यांपर्यंतही जातो. वर उरलेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडायला कुरकुर करतं. रेडिएशन चालू असताना ओढत राहणाऱ्यांचे निकाल वाईट असतात हे १९९३ पासून छापील आहे. गाठीच्या ऑक्सिजनची इतकी काळजी असेल तर आधी ते बंद करायला लावा. फुकट आहे.

रक्तवर्ण
@शेकविभाग, मुद्दा रास्त. मूळ धाग्यात हा फरक यायला हवा होता.

हिशेबी
आकड्यांकडे बघताना एक खाच. सिस्प्लॅटिनच्या दिवशी दोन-तीन लिटर सलाईन जातं. ते चालू असताना किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी घेतलेलं हिमोग्लोबिन पातळ झालेलं असतं, अर्ध्या-एक ग्रॅमचा फरक सहज पडतो. उलटही होतं: तोंड आल्यामुळे चार दिवस पाणी न गेलेला रुग्ण १०.८ दाखवतो, दोन लिटर सलाईन चढलं की ९.३. लगेच "रक्तस्राव कुठे?" म्हणून धावपळ. रक्तस्राव कुठेच नसतो, आधीचा आकडा आटलेल्या रक्ताचा होता. म्हणून नमुना केमोच्या आधी घ्यायचा, आणि सलाईन ज्या हातात चालू आहे त्या हातातून कधीच नाही.

किती वाढेल याचा हिशेब: लाल पेशींच्या एका पिशवीत साधारण २८० ते ३५० मिली द्रव आणि ५० ते ६० ग्रॅम हिमोग्लोबिन असतं. ७० किलोच्या माणसात एका पिशवीने सुमारे १ ग्रॅम वाढतं. या आजारात ७० किलोचा रुग्ण शोधावा लागतो. ४० किलोच्या माणसात तीच पिशवी दीड ग्रॅमच्या पुढे नेते. तेव्हा "दोन पिशव्या मागवा" ही सवय सोडावी. एक द्या, मग हिमोग्लोबिन बघा, लक्षणं बघा, मगच दुसरी. रक्त संपल्यावर पंधरा मिनिटांनी काढलेला नमुनाही चालतो, चोवीस तास थांबायची गरज नाही.

जागरण
रक्त चढवतानाची प्रक्रिया सगळीकडे जवळपास सारखीच असते. डोक्या-मानेच्या रुग्णात ज्या गोष्टी वेगळ्या पडतात त्यांवर जास्त लिहिते.

ओळख. बहुतेक जीवघेण्या चुका रक्तपेढीत होत नाहीत, त्या खाटेजवळ होतात. नियम असा की रुग्णालाच नाव विचारायचं. आता ज्याचं स्वरयंत्र काढलंय, ज्याला ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्यात बसवलेली नळी) आहे, ज्याची अर्धी जीभ गेलीय, तो काय सांगणार? "तुम्ही अमुकच ना?" म्हटलं की वेदनेत असलेला माणूस कशालाही मान डोलावतो. त्याच्याकडून पाटीवर नाव लिहवून घ्या, मनगटावरची पट्टी वाचा, केसपेपर नंबर पट्टीशी आणि पिशवीवरच्या लेबलाशी जुळवा. दोघांनी स्वतंत्रपणे. एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने "हो हो" करायचं, हे जुळवणं नव्हे. क्रॉसमॅचच्या (दात्याचं रक्त रुग्णाशी जुळतं का ते बघण्याच्या) नळीवर लेबल खाटेजवळच, रक्त काढल्यावर लगेच. आधी लेबलं चिकटवून ठेवलेल्या नळ्यांनी माणसं दगावली आहेत.

सुई. १८ किंवा २० नंबरचा कॅन्युला उत्तम. २२ मधूनही जातं, वेळ लागतो एवढंच. फ्लॅपसाठी (काढलेल्या भागाच्या जागी जोडायला) ज्या हाताची कातडी किंवा हाड घेतलंय त्या हातात सुई टोचायची नाही. केमोसाठी पोर्ट किंवा पिक लाईन (मोठ्या शिरेपर्यंत नेलेली नळी) असेल तर त्यातून रक्त देता येतं, पण बारीक पिकमधून ते फार रेंगाळतं. रक्तानंतर लाईन सलाईनने नीट धुवा, नाहीतर पुढच्या केमोच्या दिवशी ती चोंदलेली मिळेल.

सेट. १७० ते २०० मायक्रॉनची जाळी असलेला रक्ताचाच सेट. सोबत फक्त नॉर्मल सलाईन. रिंगर लॅक्टेटमधलं कॅल्शियम रक्त गोठवतं, ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये पेशी फुटतात. मॅग्नेशियम, अँटिबायोटिक, ओंडान्सेट्रॉन, काहीही त्या नळीत सोडायचं नाही. सिस्प्लॅटिनच्या रुग्णाला मॅग्नेशियमची बाटली हमखास लावलेली असते, आणि "वाय" जोड दिसला की हात वळतोच. तिथेच चूक होते.

वेळ. रक्त फ्रिजमध्ये २ ते ६ अंशांना असतं. बाहेर काढल्यावर अर्ध्या तासात लावता येत नसेल तर परत पाठवा. वॉर्डातल्या औषधांच्या फ्रिजमध्ये कधीच ठेवू नका. फ्रिजबाहेर आल्यापासून चार तासांत पिशवी संपलीच पाहिजे. संपली नाही तर उरलेलं टाकून द्यायचं. गरम पाण्यात बुडवणं, कुशीत धरणं, उन्हात ठेवणं यातलं काहीच करू नये.

तपासण्या. नाडी, रक्तदाब, श्वास, तापमान, ऑक्सिजन: सुरू करण्याआधी, पंधरा मिनिटांनी, आणि संपल्यावर. मध्ये काही वाटलं तर तेव्हाही. तापमान काखेत किंवा कानात, फुटलेल्या तोंडात थर्मामीटर घालू नका. पहिली पंधरा मिनिटं सावकाश, रुग्णाजवळ थांबून. पुढे बाकीची पिशवी दोन ते तीन तासांत.

आता खास अडचण. रक्त जुळलं नाही तर पहिली हाक रुग्णच देतो: "कमरेत दुखतंय, छाती आवळतेय, कसंतरीच होतंय." इथला रुग्ण बोलू शकत नाही. हाताशी घंटी द्या, पाटी द्या, आणि सुरू करण्याआधी खुणा ठरवून घ्या. शिवाय तोंडाच्या वेदनेसाठी त्याला दर सहा तासांनी पॅरासिटामॉल चालू असतं, त्यामुळे ताप दबलेला राहतो. अंग थरथरतंय पण ताप नाही, म्हणून सोडून देऊ नका.

चौकस
जागरणताई, प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा. थंडी वाजून ताप आला तर नेमकं काय करायचं? आणि प्रत्येक वेळी पिशवी फेकावी लागते का?

जागरण
@चौकस, पहिलं काम सगळ्यांत एकच: रक्त थांबवा. सेट काढा, नवीन सेटने सलाईन चालू ठेवा, सुई काढू नका. मग नाव आणि पिशवी पुन्हा जुळवा. पुढचं चित्रावर ठरतं.

नुसत्या गांध्या, खाज, बाकी सगळं ठीक: अँटिहिस्टामिन द्या, थांबा, विरल्या तर तीच पिशवी सावकाश पुन्हा सुरू करता येते. रक्ताच्या प्रतिक्रियांत एवढ्याच एका प्रकाराला ही सवलत आहे.

ताप १ अंश सेल्सिअस किंवा जास्त वाढून ३८ च्या वर गेला: बहुतेकदा तो पांढऱ्या पेशींमुळे येणारा साधा ताप असतो. पण ते शेवटी ठरतं, सुरुवातीला नाही. आधी गट चुकलेला नाही आणि पिशवीत जंतू नाहीत हे बघायचं. त्यासाठी पिशवी सेटसकट रक्तपेढीकडे, रुग्णाच्या दोन नळ्या, एक ईडीटीए (रक्त गोठू न देणारी) आणि एक साधी, आणि लघवीचा नमुना. लघवी लाल-काळी असेल, रक्तदाब पडत असेल, सुईच्या जागेतून रक्त झिरपत असेल तर अतिदक्षता विभागाला कळवायला उशीर नको. केमोचा रुग्ण असेल तर तिसरी शक्यता: पांढऱ्या पेशी घटल्या आहेत आणि ताप मुळात संसर्गाचा आहे, रक्त फक्त त्याच वेळी चालू होतं. ब्लड कल्चर घ्या, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) बघा, अँटिबायोटिक अडवून ठेवू नका.

भूलभुलैया
धाप लागली तर दोन गोष्टी वेगळ्या करायच्या. टॅको म्हणजे द्रव जास्त झाला: रक्तदाब चढतो, मानेच्या शिरा फुगतात, फुफ्फुसांत पाणी, बारा तासांपर्यंत कधीही. ट्राली म्हणजे दात्याच्या प्लाझ्मातल्या प्रतिद्रव्यांनी फुफ्फुसांना झालेली इजा: सहा तासांच्या आत, रक्तदाब बहुधा पडतो, कधी ताप. पहिल्यात फुरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधाने आराम पडतो, दुसऱ्यात त्याने बिघडतं.

या रुग्णांत टॅको ओढवून घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे सिस्प्लॅटिनचं तीन लिटर सलाईन आणि दोन पिशव्या एकाच दिवशी, तेही ३८ किलोच्या, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) २.४ पर्यंत उतरलेल्या माणसात. रक्त आदल्या दिवशी द्या किंवा दोन दिवसांनी. "होऊन जाऊ दे एकाच दाखल्यात" ही सोय वॉर्डाची असते, रुग्णाची नसते. आणि प्रत्येक पिशवीसोबत सवयीने फुरोसेमाइड देऊ नका. सिस्प्लॅटिन मूत्रपिंड आणि कान दोन्हींना त्रास देतं, फुरोसेमाइडही तेच करतं. आधीच उतरलेलं मॅग्नेशियम आणखी वाहून जातं ते वेगळंच.

ट्रॅकिओस्टॉमीतून फेसाळ स्राव वाढला की तो कफ समजून नुसता सक्शन करत बसतात. रक्त चालू आहे का, हे आधी बघा.

बारीकसारीक
दोन शंका. रुग्णाला रेडिएशन चालू आहे तर रक्तही रेडिएशन दिलेलंच लागतं का? आणि मुलगा किंवा भाऊ "माझंच रक्त घ्या" म्हणतात, तेच जास्त सुरक्षित नाही का?

रक्तपेटी
दोन्हींची उत्तरं एकमेकांत अडकली आहेत, म्हणून एकत्र लिहितो.

इरॅडिएटेड रक्त म्हणजे पिशवीवर साधारण २५ ग्रे किरण टाकून दात्याच्या लिम्फोसाइट पेशींची वाढ बंद केलेली असते. रुग्णाच्या रेडिएशनशी त्याचा काही संबंध नाही. नेहमीच्या सिस्प्लॅटिन-रेडिएशनच्या रुग्णाला ते लागत नाही. हॉजकिन लिम्फोमा, फ्लुडाराबिनसारखी औषधं, अस्थिमज्जा प्रत्यारोपण, अशांसाठी ते असतं.

आणि रक्ताच्या नात्यातल्या दात्यासाठी! जवळच्या नातेवाइकाच्या पेशी रुग्णाच्या पेशींशी इतक्या मिळत्याजुळत्या असू शकतात की रुग्णाचं शरीर त्यांना परकं मानून मारत नाही. त्या मात्र रुग्णाच्या शरीराला परकं समजून त्वचा, यकृत, आतडी आणि अस्थिमज्जेवर हल्ला करतात. याला टीए-जीव्हीएचडी म्हणतात, आणि यातून वाचणारे विरळा. म्हणून मुलाचं किंवा भावाचं रक्त त्याच रुग्णाला द्यायचं तर इरॅडिएट केल्याशिवाय नाही. सगळ्यात सरळ उपाय: नातेवाइकांनी रक्तदान जरूर करावं, ते रक्तपेढीच्या साठ्यात जाऊ द्यावं, आणि रुग्णाला अनोळखी दात्याचं घ्यावं. "घरचं ते शुद्ध" हे लोणच्याला लागू पडेल, रक्ताला नाही.

इरॅडिएट केलेल्या पिशवीत पोटॅशियम वेगाने वाढतं, त्यामुळे ती फार दिवस ठेवू नये. मूत्रपिंड सिस्प्लॅटिनने दुखावलेलं असेल तर जास्तच जपून.

पांढऱ्या पेशी गाळलेलं, म्हणजे ल्युकोरिड्यूस्ड रक्त ही निराळी गोष्ट. गाळल्याने ताप कमी येतो, सीएमव्ही या विषाणूचा धोका घटतो. पण गाळल्यावरही काही लिम्फोसाइट उरतात, म्हणून गाळणं हा इरॅडिएशनला पर्याय नव्हे. मिळत असेल तर कॅन्सरच्या रुग्णाला गाळलेलं घ्यावंच.

हिशेबी
आता कारणाकडे, कारण पिशवी हा तात्पुरता ठिगळ. पहिल्या दिवशी, रेडिएशनच्या नियोजनाच्या सीटीबरोबरच हे काढून घ्यावं: सीबीसी आणि एमसीव्ही (लाल पेशीचा आकार), फेरिटिन (लोहाचा साठा), ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात फिरणारं लोह), बी-१२, फोलेट, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी). रक्त चढवल्यानंतर लोहाच्या तपासण्या काही दिवस फसव्या येतात, म्हणून नमुना पिशवीच्या आधी.

फेरिटिन ३० च्या खाली म्हणजे लोह संपलंय, वाद नाही. पण कॅन्सरमध्ये दाहामुळे फेरिटिन फुगतं. ते ८० असलं आणि सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली, तरी लोह कमीच धरतात. फेरिटिन ६०० आणि सॅच्युरेशन १२ असेल तर लोह आहे, पण हेप्सिडिन या संप्रेरकाने कोठारात कुलूपबंद केलंय. अशाला लोहाच्या गोळ्या देऊन फक्त शी काळी होते.

गोळ्या तशाही इथे फारशा चालत नाहीत. तोंड आलेलं, गिळता येत नाही, सोबत आम्ल दाबणारं पॅन्टोप्राझोल, त्यामुळे शोषण कमी. नाकातल्या नळीने किंवा पेगने (पोटावरून जठरात घातलेल्या नळीने) पातळ औषध देता येतं, दूध आणि अँटासिडपासून दोन तास लांब. नळी थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागात, म्हणजे जेजुनोस्टॉमी असेल तर लोह शोषणारं ड्युओडेनम वाटेतच चुकतं, तिथे तोंडी लोहावर वेळ घालवू नये.

शिरेतून द्यायचं लोह किती, याचा गॅन्झोनीचा हिशेब: वजन × हव्या असलेल्या आणि असलेल्या हिमोग्लोबिनमधला फरक × २.४, अधिक साठ्यासाठी ५००. ५० किलो, ८ वरून १३ न्यायचं: ५० × ५ × २.४ = ६००, अधिक ५००, म्हणजे ११०० मिलिग्रॅम. आयर्न सुक्रोज २०० मिलिग्रॅमच्या हप्त्यांनी जातं, पाच-सहा फेऱ्या होतात. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका बैठकीत १००० पर्यंत देता येतं, मात्र त्याने फॉस्फरस उतरतो, आणि उपाशी राहिलेल्या रुग्णाला नळीने खायला सुरू करतानाही फॉस्फरस उतरतो. दोन्ही एका आठवड्यात आले तर फॉस्फरस तपासा. संसर्ग जोरात असताना शिरेतून लोह नको.

परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून हे काम पहिल्या आठवड्यातलं. सहाव्या आठवड्यात ७.२ वर लोह सुरू केलं तर ते बरोबरच आहे, पण या कोर्सपुरतं पिशवीशिवाय गत्यंतर नाही. एका पिशवीतूनही २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातंच, ते हिशेबातून वजा करा.

एमसीव्ही १०४ दिसला तर दारू, फोलेट, बी-१२, थायरॉइड बघा, आणि मेथोट्रेक्सेट चालू आहे का तेही.

चौकस
मग रेडिएशन चालू असताना एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन अजिबात नको?

रक्तवर्ण
बरं करण्याच्या उद्देशाने उपचार चालू आहेत तोवर नको. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडाच्या नलिकांना इजा करतं आणि तिथलं एरिथ्रोपोएटिन घटतं, त्यामुळे कागदावर ते इंजेक्शन अगदी चपखल वाटतं. चाचण्यांनी उलट दाखवलं. आधीपासून डायलिसिसवर असलेल्या रुग्णाचं गणित वेगळं, ते मूत्रपिंडतज्ज्ञ आणि कॅन्सरतज्ज्ञ यांनी मिळून ठरवायचं.

भूलभुलैया
एक राहिलं: अचानक मोठा रक्तस्राव. रेडिएशन झालेल्या मानेत, विशेषतः जखम उघडी किंवा फिस्टुला (घशातून त्वचेपर्यंत पडलेलं छिद्र) असेल तर कॅरोटिड (मानेतली मोठी धमनी) फुटण्याआधी अनेकदा छोटा इशारा मिळतो, चमचा-दोन चमचे ताजं लाल रक्त येतं आणि आपोआप थांबतं. त्या वेळी हिमोग्लोबिन ११ असेल. त्याने समाधान मानू नका, रक्त जाताना आकडा लगेच पडत नाही. त्याच क्षणी क्रॉसमॅच पाठवा, दोन जाड कॅन्युले, सीटी अँजिओग्राफीची सोय, आणि रात्र आहे म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. प्रत्यक्ष फुटलं तर बोटाने किंवा पॅकने दाब, कफवाली ट्रॅकिओस्टॉमी नळी फुगवून श्वासनलिका वाचवणं, ट्रानेक्सामिक ॲसिड १ ग्रॅम, आणि लाल पेशींसोबत प्लाझ्मा व प्लेटलेटही. नुसत्या लाल पेशी ओतत राहिलं की गोठण्याची ताकद पातळ होते. रुग्णाचा आजार बरा होण्यापलीकडे गेलेला असेल तर यातलं काय करायचं आणि काय नाही, हे इशारा येण्याच्या आधीच घरच्यांशी बोलून केसपेपरवर लिहिलेलं असावं.

रक्तपेटी
शेवटची भर, रक्त दिल्यानंतरची. तीन ते चौदा दिवसांनी डोळे पिवळे, लघवी गडद, आणि चढलेलं हिमोग्लोबिन पुन्हा जिथल्या तिथे, असं झालं तर उशिरा होणारी रक्तविघटनाची प्रतिक्रिया मनात आणा. केमोमुळे उतरलं म्हणून दुसरी पिशवी मागवली की तेच पुन्हा होतं. डीसीटी (लाल पेशींवर प्रतिद्रव्य चिकटलंय का ते बघणारी चाचणी), पेशी फुटल्याची खूण म्हणून बिलिरुबिन आणि एलडीएच, आणि अँटिबॉडी स्क्रीन (रक्तातल्या प्रतिद्रव्यांचा शोध) करा. प्रतिद्रव्य सापडलं तर रुग्णाला तशी चिठ्ठी द्या, कारण ते काही महिन्यांत चाचणीत दिसेनासं होतं आणि पुढच्या रक्ताच्या वेळी पुन्हा डोकं वर काढतं. गेल्या तीन महिन्यांत रक्त घेतलेल्याचा क्रॉसमॅचचा नमुना ७२ तासच धरायचा. सोमवारी पाठवलेल्या नळीवर शुक्रवारी पिशवी मागू नका.

बारीकसारीक
आणि उपचार संपल्यावर सीबीसी कधी करायचा?

हिशेबी
शेवटच्या सिस्प्लॅटिननंतर दोन-तीन आठवड्यांनी एकदा, तेव्हाच सर्वांत खाली असतं. मग पहिल्या मोठ्या तपासणीला, साधारण बाराव्या आठवड्यात. तोवर खाणं सुरू होऊनही ते चढत नसेल तर लोह, बी-१२ आणि क्रिएटिनिन पुन्हा काढा. टीएसएच दर सहा महिन्यांनी ते वर्षाने, कारण मानेवर शेक बसलेलं थायरॉइड सावकाश मंदावतं आणि त्यानेही हिमोग्लोबिन खाली राहतं.